करंजी घाटाचा सल्ला

सूर्यभान अकोलकर स्टिअरिंगवर बसला की आधी पायातल्या चपला काढून सीटखाली सारायचा. नगर-पाथर्डी रस्त्यावरचे बाकीचे टॅक्सीवाले त्याला हसत. कुणी म्हणे, हा गाडी चालवतोय की देवळात चाललाय. पण अनवाणी अंगठ्याला पेडल जेवढं कळतं तेवढं चपलेतून कळत नाही, हे सूर्यभानला पुरतं उमगलेलं होतं. आणि पेडल कळणं ही त्याच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. वाचलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब तो रंगनाथ कराळेच्या नावानं वाचवत होता.

चीनची लढाई होऊन गेली त्या सुमाराला हे दोघे नगरला एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे जीपवर होते. एकाच खोपट्यात राहायचे, एकाच तव्यावरच्या भाकरी खायचे. पुढं जीपला पेट्रोल जास्त लागायला लागलं. ठेकेदाराला संशय आला. एका सकाळी त्यानं खोपट्याची झडती घेतली, तर सूर्यभानच्या बाजेखाली रबरी नळी आणि अर्धा भरलेला डबा निघाला. तो डबा तिथं कुणी ठेवला हे सूर्यभानला ठाऊक होतं. खोपट्यात दोनच माणसं राहत होती.

ठेकेदारानं सगळ्या कामगारांना अंगणात गोळा केलं. रंगनाथ ती नळी हातात घेऊन पुढं आला.

"मालक, म्या ह्येला लई दिसापासून बघतोय," तो म्हणाला. "बोललो न्हाई, जोडीदार म्हनून."

"आईची आन घेऊन सांगतो, ते माझं न्हाई," सूर्यभान म्हणाला.

"मग वढून दाखीव की," रंगनाथ म्हणाला. "सवय न्हाई तर वढता यायचं न्हाई."

ठेकेदाराला ती गंमत वाटली. दोघा कामगारांनी सूर्यभानचे हात धरले, रंगनाथनं नळीचं एक टोक जीपच्या टाकीत सोडलं आणि दुसरं त्याच्या तोंडात कोंबलं. श्वास घ्यायला म्हणून सूर्यभाननं ओढ घेतली आणि तोंडभर पेट्रोल घशाखाली गेलं. तो गुडघ्यावर बसून ओकत राहिला. माणसं हसत होती. खडी फोडणाऱ्या बायकांमधली बनुबाई तेवढी उठली आणि आपला जर्मनचा तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवून परत जागेवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून त्याचं नाव नळ्या पडलं. नगरमध्ये त्याला कुणी गाडी हाती देईना. "नळ्या व्हय? नगं बाबा," एवढ्यावर बोलणं संपायचं. तो तिसगावला परत आला, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले, बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव पाण्याचा टँकर नेला. जिथं जाईल तिथं नाव त्याच्या आधी पोचलेलं असे. राहीबाईशी त्याचं लग्न झालं तेव्हा मांडवातसुद्धा कुणीतरी नळीची चेष्टा केली होती आणि तिच्या भावांनी माना खाली घातल्या होत्या.

कोयता घेऊन जाणं त्याला अवघड नव्हतं. तसा विचार त्यानं केलाही होता. पण कोयत्यानं माणूस एकदाच मरतो. सूर्यभानला रंगनाथ जिता हवा होता. त्याच्या हातातलं स्टिअरिंग जावं, लोकांनी त्याच्या तोंडावर म्हणावं की तुझ्या गाडीत आम्ही बसत नाही, आणि हे सगळं त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच सूर्यभाननं मनाशी धरलं होतं.

दुष्काळ ओसरल्यावर त्यानं राहीबाईच्या अंगावरचं सोनं आणि वाटणीची जिराईत पट्टी देऊन पाथर्डीच्या एका वकिलाची जुनी अँबॅसिडर घेतली. तोवर रंगनाथ नगरला माळीवाड्याच्या स्टँडबाहेरच्या टॅक्सीच्या रांगेत मुकादम झाल्यासारखा वागत होता. त्याची गाडी नवी, कपडे परीटघडीचे. सूर्यभान पहिल्या दिवशी रांगेत लागला तेव्हा रंगनाथनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय नळ्या, नळी आनलीस का संगं?"

सूर्यभान हसला. हसण्याची त्यानं तयारीच करून ठेवली होती.

गाडी जुनी होती, पण त्यानं तिला बाळंतिणीसारखी जपली. दुष्काळानं रस्त्यावर बोटभर फुफाटा साचला होता. रोज संध्याकाळी तो एअर फिल्टर काढून झटकायचा. प्लग खरवडायचा, कार्बोरेटरचा स्क्रू कानानं ऐकत फिरवायचा. भिंगारच्या छावणीतला एक रिटायर हवालदार पंक्चरचं दुकान चालवत असे. त्याच्याकडं तो दर बाजारी चारी चाकांची हवा बघून घ्यायचा. "चाक मऊ असलं की इंजिन वझं वढतंय," हवालदार म्हणायचा, आणि सूर्यभानला ते पटलेलं होतं. कॅरिअरवर फुकटचं ओझं म्हणून काही ठेवायचा नाही. स्टँडवर रांग पुढं सरकली की बाकीचे गाडी चालू करून हातभर पुढं घेत. सूर्यभान उतरून खांद्यानं ढकलायचा.

रस्त्यावर त्याची नजर बोनेटवर नसून पार पुढच्या वळणावर असे. बैलगाडी आडवी येणार हे त्याला आधी दिसे आणि तो तेव्हाच पाय उचलून घेई, म्हणजे ब्रेक मारायची वेळच येऊ नये. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं पेट्रोल धुळीत घातलं, असं तो राहीबाईला सांगे. चढ लागायच्या आधी गाडीला जरा वेग द्यायचा आणि तो वेग चढावर पुरवून पुरवून वापरायचा. टॉप गिअर लवकर टाकायचा, पण इंजिन कण्हायला लागायच्या आत खाली घ्यायचा. तिसगावचे उतारू म्हणायचे, सूर्यभानच्या गाडीत मांडीवर दुधाची बरणी धरून बसलं तरी सांडत नाही.

राहीबाईला आधी वाटलं, नवरा धंद्याला लागला. मग तिला दिसायला लागलं की तो जेवतानासुद्धा रंगनाथचंच बोलतो. आज त्यानं एवढ्या खेपा केल्या, आज त्यानं उगाच रेस केली, आज त्याच्या सायलेन्सरातनं काळा धूर निघत होता.

"अवं, आपलं चाललंय की बरं," ती म्हणाली. "त्याचं त्याच्यापाशी."

"त्याचं त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, म्हनून तर गाडी घेतली," सूर्यभान म्हणाला.

आणि मग त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या आगेमागे तिकडं अरबांच्या मुलखात काय लढाई झाली ती झाली, आणि इकडं पेट्रोलचा भाव रातोरात भडकला. पंपावर रांगा लागल्या. टॅक्सीवाल्यांनी बैठक घेतली आणि भाडं वाढवलं. रंगनाथनं सगळ्यांकडून हो म्हणवून घेतलं. सूर्यभान मागं उभा होता.

"नळ्या, तुझं काय?"

"मी जुन्याच भाड्यात न्हेनार," सूर्यभान म्हणाला.

"मरशील."

"बघू की."

बाकीचे हसले. महिनाभरात हसणं थांबलं. पाथर्डी, तिसगाव, करंजीची माणसं सूर्यभानच्या गाडीची वाट बघत थांबायला लागली. रंगनाथ हाका मारायचा, "चला, लगेच निघनार," आणि लोक मान फिरवून म्हणायचे, "सूर्यभान येतोय की आता." रंगनाथच्या पायाला पेडल जोरात दाबायची सवय. त्याची गाडी पेट्रोल प्यायची आणि अर्धी रिकामी पळायची. त्यानं गाडीची डागडुजी टाळायला सुरुवात केली. रांगेत त्याची गाडी मागं आली की सूर्यभानच्या कानाला तिचे ब्रेक लोखंडावर लोखंड घासल्यासारखे करकरताना ऐकू यायचे. ते ऐकून त्याला झोप चांगली लागायची.

बनुबाई आता म्हातारी झाली होती. तिसगावहून कोंबड्या आणि अंडी घेऊन नगरच्या बाजाराला यायची. सूर्यभान तिच्याकडून भाडं घेत नसे. ती दर खेपेला पदराची गाठ सोडायची आणि तो दर खेपेला, "ऱ्हाऊ दे मावशी," म्हणायचा. त्या अंगणातल्या सकाळीविषयी दोघं कधीच बोलले नाहीत.

माघ सरता सरता रंगनाथ त्याच्याकडं आला. स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर सूर्यभान एकटाच बसला होता. रंगनाथ समोर बसला आणि त्यानं दोन चहा सांगितले.

"सूर्यभानराव," तो म्हणाला.

सूर्यभाननं हे नाव त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"गाडी इकायची येळ आली. तुमाला परवडतंय कसं, तेवढं सांगा. मागचं मनात धरू नका. तवा आमी पोरं हुतो."

पोरं हुतो. सूर्यभानच्या घशात ती जुनी जळजळ उसळून आली. इतकी वर्षं तो याच बाकासाठी, याच चहासाठी थांबला होता. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि सांगायला सुरुवात केली. चाकाची हवा सांगितली, फिल्टर सांगितला, पाय हलका ठेवायला सांगितलं. सगळं खरं. रंगनाथ मान डोलावत होता.

"आनी घाट," सूर्यभान म्हणाला. "खरी बचत घाटात हाय. माथ्यावर गेलं की चावी बंद करायची, गिअर काढायचा आनी गाडी सोडून द्यायची. पार करंजीच्या येशीपतूर थेंब लागत न्हाई."

"इंजिन बंद करून?"

"मग? उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?"

सूर्यभान स्वतः घाट कधीच असा उतरला नव्हता. तो तिसऱ्या गिअरात, अवघड वळणावर दुसऱ्यात गाडी ठेवून उतरायचा. पाय उचललेला असला की इंजिन पेट्रोल नखाएवढंच घेतं आणि गाडीला मागं ओढून धरतं. मग ब्रेकला नुसता पाय टेकवण्याएवढंच काम उरतं. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर. आणि रंगनाथचे ब्रेक कसे आहेत ते त्याला ठाऊक होतं. हे सगळं त्या बाकावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात स्वच्छ होतं. जीभ एकदाही अडखळली नाही.

"देव तुमचं भलं करो," रंगनाथ म्हणाला आणि चहाचे पैसे देऊन गेला.

त्यानंतर सूर्यभान वाट बघायला लागला. रोज खेप करून रंगनाथची गाडी परत येताना दिसायची. गाडीत दोन-तीनच माणसं असायची, हलक्या गाडीला झिजलेले ब्रेक कसेबसे पुरायचे. वर रंगनाथ लांबूनच हात करायचा. "सूर्यभानराव, फरक पडला बरं का," असं चारचौघांत म्हणायचा. सूर्यभान हात वर करायचा आणि मनात म्हणायचा, थांब.

रंगपंचमीला पाथर्डीजवळच्या मढीची यात्रा आली. कानिफनाथाच्या दर्शनाला माणसांची अशी रीघ लागली की माळीवाड्यावर गाडी दिसली की लोक दारं उघडून आत घुसत. भाड्याचं कुणी विचारत नव्हतं. सूर्यभान पहिली खेप टाकून परत आला तेव्हा रंगनाथची गाडी भरून निघतच होती. पुढं चौघं, मागं किती ते मोजता येईनात, वर कॅरिअरवर गाठोडी आणि गाठोड्यांवर दोन तरणी माणसं. गाडी मागून पार बसली होती.

सूर्यभान बघत उभा राहिला. आज, त्याला वाटलं. आज भरलेली आहे.

तो विचार त्याला गोड लागला, हे खोटं नाही. माणसांचा विचार मागून आला आणि त्यानं तो बाजूला ढकलला. बसले आपल्या पायानं, मी काय बसवलं. तेवढ्यात मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याला खुणावू लागला. बनुबाई होती. कोंबड्यांचं रिकामं डालगं मांडीवर घेऊन ती कडेला चेपून बसली होती. त्याची गाडी दिसेना म्हणून ती मिळेल त्यात बसली होती. गाडी वळली आणि भिंगारच्या दिशेनं गेली.

सूर्यभानच्या गाडीत लोक शिरायला लागले होते. त्यानं सगळ्यांना उतरवलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी बाही धरली. तो दार ओढून घेऊन निघाला.

त्या दिवशी त्यानं पेडल तळाला टेकवलं. अंगठा नव्हे, सगळं पाऊल. गाडीला हे माहीतच नव्हतं. ती आधी गचकली, मग ओरडत पळायला लागली. भिंगार मागं पडलं. बैलगाड्या, सायकली, दिंडीसारखी चालणारी यात्रेकरू माणसं, सगळ्यांवर भोंगा वाजवत तो गेला. ब्रेक मारत होता, पुन्हा रेस करत होता, पेट्रोलचा काटा खाली येताना दिसत होता. पुढं कुठंच ती गाडी दिसेना. मी थांबवलं तर सांगणार काय, हा प्रश्न त्याला वाटेत पडला. उत्तर सापडायच्या आत घाटाचा माथा आला.

माथ्यावरून खाली दोन वळणं गेल्यावर त्याला माणसं दिसली. दुष्काळी कामातल्या खडीचा एक मोठा ढीग रस्त्याच्या कडेला उरला होता. रंगनाथची गाडी त्या ढिगात बोनेटपर्यंत घुसली होती. ब्रेक गेल्यावर दरीकडं जाण्याऐवजी त्यानं ती खडीत घातली होती. तेवढं डोकं त्यानं चालवलं होतं, आणि म्हणून माणसं जिवंत होती. कॅरिअरवरची दोघं खडीवर फेकली जाऊन रक्ताळली होती. बायका रडत होत्या. चाकांतून धूर येत होता, जळल्या ब्रेकचा वास सगळ्या वळणावर भरला होता. बनुबाई रस्त्यावर बसली होती आणि तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडं वळला होता.

रंगनाथच्या कपाळाला खोक पडली होती. त्यानं सूर्यभानला गाडीतून उतरताना पाहिलं आणि तो उठून थेट त्याच्याकडं आला.

"ह्यानं," तो लोकांना म्हणाला, "ह्यानं सांगितलं मला. इंजिन बंद कर, गिअर काढ, सोडून दे म्हनला. इचारा त्याला."

सगळे सूर्यभानकडं वळले. त्याचा श्वास अजून बसला नव्हता. त्यानं रंगनाथच्या तोंडाकडं पाहिलं.

"मी असं कशाला सांगन?" तो म्हणाला. "मी घाट गिअरात उतरतो. माझ्या गाडीत बसनाऱ्या कुनालाबी इचारा."

"व्हय, त्यो गिअरातच उतरतो," तिसगावचा एक म्हातारा म्हणाला. "मी रोज बघतोय."

"आरं, म्हनून तर त्यानं मला..." रंगनाथ म्हणाला, आणि पुढचं त्याला सांगता येईना. "कानिफनाथाची आन, ह्योच म्हनला."

"मानसं मारली असतीस आनी वर देवाची आन घेतोस?" कॅरिअरवरून पडलेला पोरगेला माणूस म्हणाला आणि त्यानं रंगनाथच्या थोबाडात मारली. मग दुसऱ्यानं मारली. सूर्यभान मध्ये पडला नाही. त्यानं जखमींना आपल्या गाडीत घातलं, बनुबाईला पुढं बसवलं आणि नगरच्या दवाखान्याकडं गाडी वळवली.

बनुबाई कण्हत नव्हती. हात पदरात धरून समोर बघत होती. माथा ओलांडल्यावर तिनं विचारलं, "सूर्यभाना, तू सांगितलं हुतंस का रं त्याला?"

"न्हाई मावशी."

"मलाबी तसंच वाटलं," ती म्हणाली. "तुझ्यावर एकदा आळ आला हुता. तू दुसऱ्याचं असं करनार न्हाईस."

तो गाडी चालवत राहिला.

रंगनाथचं लायसन गेलं. गाडी भंगारात निघाली. स्टँडवर कुणी त्याला जवळ उभं करेना. तो काही दिवस भेटेल त्याला तीच गोष्ट सांगत हिंडला. लोक ऐकून घेत आणि पाठ फिरली की मान हलवत. सूर्यभानला कुणीही पुन्हा नळ्या म्हटलं नाही. रांगेतले ड्रायव्हर आता त्याचं ऐकून भाडं ठरवायला लागले. त्यानं जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि पहिले काही आठवडे त्यानं ते मनसोक्त चाखलं. संध्याकाळी घरी येऊन रंगनाथ आज कुठं दिसला, कसा दिसला, हे तो राहीबाईला रंगवून सांगे. राहीबाई भाकरी थापत ऐके. एकदा तिनं एवढंच विचारलं, "तुमी त्या दिवशी गाडीतली मानसं उतरवून रिकामीच का पळवलीत?" त्यावर तो जेवणावरून उठला. त्यानंतर त्यानं तो विषय घरात काढला नाही.

बनुबाईचा हात वाकडा बसला. डालगं तिला डोक्यावर चढवता येईना. सूर्यभान तिच्या दारापर्यंत गाडी न्यायला लागला, कोंबड्या स्वतः उचलून ठेवायला लागला. लोक म्हणत, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं करतोय. ते कानावर आलं की तो भोंगा वाजवायचा किंवा कुणावर तरी खेकसायचा.

पुढच्या वर्षी रंगनाथ भिंगारच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर कामाला लागला. सूर्यभान टाकी भरायला गेला आणि समोर तोच उभा. रंगनाथनं पंपाचा पाइप टाकीत धरला, आकडे फिरताना बघत राहिला, झाकण बसवलं आणि फडक्यानं हात पुसले. त्याच्या कपाळावरचा व्रण पांढरा पडला होता. सूर्यभान निघाला तेव्हा रंगनाथ गाडीमागं दोन पावलं चालत आला आणि खिडकीशी वाकून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझ्यावर कुनी इश्वास ठिवत न्हाई, तरी तुला आनी मला ठावं हाय. तेवढं पुरं झालं."

त्यानंतर सूर्यभान त्या पंपावर कधी गेला नाही. टाकी भरायला तो वाट वाकडी करून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. हवालदारानं एकदा त्याला हटकलं, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा माणूस पेट्रोल भरायला पेट्रोल जाळतोस, हे कसं काय.

"तिकडचं चांगलं असतं," सूर्यभान म्हणाला आणि पुढच्या चाकातली हवा बघायला खाली वाकला.